सूत आणि शब्द : लोवेल शहराची कहाणी

गिरण्यांवर जगणाऱ्या शहरातील गिरण्या बंद पडल्या म्हणजे मागे काय उरते, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. धुराडी उरतात, फुटक्या काचांच्या खिडक्या उरतात, कामगारांच्या चाळी उरतात. आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव येईपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. परंतु आणखी एक वस्तू मागे उरते, जिची नोंद कोणत्याही लिलावाच्या यादीत नसते. ती म्हणजे त्या शहरात राबलेल्या आणि राहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलेले शब्द. ह्या शब्दांच्या आधाराने एखादे पडलेले शहर पुन्हा उभे राहू शकते काय?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल ह्या शहराने हा प्रयोग करून पाहिला आहे. किंबहुना एकदा नव्हे, दोनदा केला आहे. पहिल्या खेपेस गिरण्या भरभराटीत होत्या आणि शहराच्या कीर्तीसाठी कामगार मुलींच्या लेखणीचा उपयोग झाला. दुसऱ्या खेपेस बहुतेक गिरण्या केव्हाच थंडावल्या होत्या आणि शहराने आपल्याच एका बहकलेल्या मानल्या गेलेल्या पुत्राच्या पुस्तकांचा आधार घेतला. हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वाङ्मय शहराच्या कामी केव्हा येते आणि केव्हा त्याची निव्वळ जाहिरात होते, हे ध्यानात येते.

धबधबा, कालवे आणि घंटा

बोस्टनच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर मेरिमॅक नदी पॉटकेट नावाच्या धबधब्यावरून सुमारे ३२ फूट खाली उतरते. १८२० पर्यंत ह्या ठिकाणी शेतीवाडीपलीकडे फारसे काही नव्हते. फ्रान्सिस कॅबट लोवेल ह्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने इंग्लंडमधील यंत्रमाग डोळ्यांत साठवून आणले होते आणि १८१४ च्या सुमारास वॉल्थॅम येथे कापसापासून कापडापर्यंतची सर्व कामे एकाच छपराखाली आणणारी गिरणी चालू केली होती. १८१७ साली तो वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी अधिक पाणी, म्हणजेच अधिक शक्ती मिळेल अशी जागा शोधली आणि धबधब्याशेजारची जमीन विकत घेतली. १८२२ साली मेरिमॅक कंपनीची स्थापना झाली, १८२६ साली वस्तीला मृत लोवेलचे नाव मिळाले आणि १८३६ साली ती रीतसर शहर झाली.

ह्या शहराचे कालवे खणले आयरिश मजुरांनी. १८२२ च्या एप्रिलमध्ये ह्यू कमिस्की नावाचा मुकादम ३० मजुरांस घेऊन चार्ल्सटाऊनहून पायी तेथे आला, असे लोवेलचा इतिहास सांगतो. हे मजूर शहराच्या कडेला झोपड्या बांधून राहिले आणि १८३१ साली त्यांचे सेंट पॅट्रिकचे मंदिर उभे राहिले. कालव्यांच्या काठी विटांच्या पाच-सहा मजली गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या समोर कंपनीची वसतिगृहे.

ह्या वसतिगृहांत न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुली राहत. लोवेलच्या पहिल्या पिढीतील कामगार प्रामुख्याने स्त्रिया होत्या. १८४० च्या सुमारास शहराची लोकसंख्या २०,००० च्या घरात गेली होती आणि गिरण्यांतून सुमारे ८,००० कामगार काम करीत होते. पहाटे घंटा होई, मुली गिरणीत जात. न्याहारीसाठी आणि जेवणासाठी पुन्हा घंटा होई. दिवस सरासरी १२ ते १३ तासांचा. रात्री १० वाजता वसतिगृहाचे दार लागे. रविवारी उपासनेस हजर राहणे कंपनीच्या नियमांत बसविलेले होते. बापाला आपली मुलगी शहरात धाडताना धीर वाटावा, अशी ती व्यवस्था होती. आणि तिच्यावर नजर ठेवण्याचीही तीच व्यवस्था होती.

मुलींचे मासिक

ह्या मुली वाचणाऱ्या होत्या. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून थकलेल्या असतानाही त्या ग्रंथालयाची वर्गणी भरीत, व्याख्यानांना जात. धर्मोपदेशक एबल थॉमस यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या एका अभ्यासमंडळात त्या आपापले निबंध आणि कविता वाचून दाखवीत. त्यातूनच १८४० च्या ऑक्टोबरमध्ये ‘लोवेल ऑफरिंग’ हे नियतकालिक निघाले. सर्व मजकूर गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांनी लिहिलेला. १८४२ पासून त्याचे संपादनही हॅरिएट फार्ली आणि हॅरियट कर्टिस ह्या दोघींकडे आले. दोघीही गिरणीतून आलेल्या.

ज्या काळी कारखान्यातील स्त्रीला लिहिता-वाचता येते हेच अनेकांना खरे वाटत नव्हते, त्या काळी ही घटना विलक्षण होती. १८४२ च्या फेब्रुवारीत चार्ल्स डिकन्स लोवेलला एक दिवसासाठी आला. मँचेस्टर आणि त्याच्या आसपासच्या गिरण्यांतील दैन्य पाहिलेल्या त्या लेखकाला तीन गोष्टींचे नवल वाटले : अनेक वसतिगृहांत मुलींनी वर्गणीतून घेतलेला पियानो होता, जवळजवळ सर्वजणी फिरत्या ग्रंथालयाच्या वर्गणीदार होत्या, आणि त्यांचे स्वतःचे नियतकालिक होते. परतल्यावर ‘अमेरिकन नोट्स’ ह्या पुस्तकात त्याने हे आवर्जून लिहिले. १८४४ साली लंडनमध्ये ‘ऑफरिंग’मधील निवडक लेखांचे पुस्तक निघाले, त्याच्या नावाचा आशय ‘चात्यांच्या गर्दीतील मन’ असा होता. लोवेलचे नाव युरोपात पोहोचले. जगातील इतर कारखान्यांची शहरे नरकासमान असली, तरी हे शहर तसे नाही. कारण येथील कामगार स्त्री कविता लिहिते! गिरणीमालकांना ह्याहून चांगली जाहिरात कोणती हवी होती?

‘ऑफरिंग’ला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. लूसी लारकमसारखी लेखिका त्याच वातावरणात वाढली. वयाच्या सुमारे ११ व्या वर्षी ती गिरणीत लागली आणि १८८९ साली तिने आपल्या बालपणाच्या आठवणींचे जे पुस्तक लिहिले, ते आज अमेरिकेच्या स्त्री-इतिहासाचे एक साधन मानले जाते. कामगाराला मन असते हे सिद्ध करणे, हाच आपला हेतू आहे, असे फार्लीचे म्हणणे होते. तो हेतू साधला, ह्यात शंका नाही.

सारा बॅग्लीचा प्रश्न

परंतु शहराचे दुसरे चित्र त्याच वेळी कालव्याच्या काठावर उमटत होते. १८३४ साली मजुरी कापली गेली तेव्हा शेकडो मुली काम सोडून रस्त्यावर आल्या होत्या. १८३६ साली वसतिगृहाच्या खर्चाचा भार वाढला तेव्हा त्याहून मोठा संप झाला. आपल्या खात्यातील मोठ्या मुली कचरताहेत असे पाहून ११ वर्षांची हॅरिएट हॅन्सन एकटीच पुढे झाली आणि बाकीच्या तिच्या मागोमाग बाहेर पडल्या. ही आठवण तिनेच पुढे १८९८ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

सारा बॅग्ली हे ह्या दुसऱ्या चित्रातील प्रमुख नाव. तिची गोष्ट मोठी बोलकी आहे. ‘ऑफरिंग’ निघाले त्याच वर्षी तिने त्यात गिरणीतील जीवनाच्या सुखांवर एक लेख लिहिला होता. यंत्रांच्या आवाजातही मनाला विचार करण्याची मोकळीक मिळते, अशा आशयाचा. चार-पाच वर्षांत हीच स्त्री कामगार स्त्रियांच्या सुधारणा संघटनेची अध्यक्ष झाली. दहा तासांचा दिवस मिळावा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज राज्याच्या विधिमंडळाकडे गेले आणि १८४५ साली विधिमंडळाच्या समितीपुढे ह्या स्त्रियांनी साक्षी दिल्या. कोंदट हवा, दिव्यांचा धूर, वाढत्या वेगाचे माग आणि ढासळणारी प्रकृती यांचे वर्णन त्यांनी केले. हा प्रश्न विधिमंडळाने सोडविण्याचा नव्हे, असा निर्णय समितीने दिला.

त्याच वर्षी जुलै महिन्यातील एका जाहीर सभेत बॅग्लीने ‘ऑफरिंग’वर थेट आरोप केला. गिरण्यांतील स्थितीवर टीका करणारे आपले लेख त्या मासिकाने नाकारले, ते आता कामगारांचे राहिले नसून कंपन्यांचे मुखपत्र झाले आहे, असे तिचे म्हणणे होते. फार्लीने आरोप नाकारला. दोघींपैकी कोणाचे किती खरे, हा तपशिलाचा वाद बाजूला ठेवू. पण बॅग्लीने विचारलेला मूळ प्रश्न आजही शिळा झालेला नाही : कामगाराच्या शब्दाला जागा द्यायची, पण त्याच्या तक्रारीला द्यायची नाही, तर ती जागा कोणाची? १८४५ च्या अखेरीस ‘ऑफरिंग’ बंद पडले. ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ हे कामगारांचे वृत्तपत्र त्याच सुमारास लोवेलमध्ये आले आणि बॅग्ली त्याच्या संपादनात सहभागी झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी दहा तासांच्या दिवसाचा कायदा होण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

‘ऑफरिंग’च्या पानांवर आणखी एक मोठा विषय क्वचितच फिरकला. गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला होता. आणि गिरण्यांतून निघणारे जाडेभरडे कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर जाई. दक्षिणेत त्या कापडाला ‘लोवेल’ हेच नाव पडले होते. शहराचे नाव असे दोन ठिकाणी पोहोचले होते : लंडनच्या दिवाणखान्यात आणि गुलामांच्या झोपडीत. जाहिरातीने पहिल्याचीच आठवण ठेवली.

कापसाचा धागा मुंबईपर्यंत

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेचा कापूस उत्तरेस येईनासा झाला. लोवेलच्या अनेक कंपन्यांनी साठविलेला कापूस चढ्या भावाने विकून गिरण्या बंद केल्या आणि कामगारांस घरी पाठविले. त्याच काळात लँकेशायरला कापूस पुरविण्याची संधी मुंबईस लाभली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा चढला आणि १८६५ साली युद्ध संपताच फुगा फुटला. हजारो मैल अंतरावरील ही दोन शहरे एकाच धाग्याने बांधलेली होती. एकीकडे साचे थांबले तेव्हा दुसरीकडे तिजोऱ्या भरल्या.

युद्धानंतर लोवेलच्या गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण शेतकऱ्यांच्या मुली परतल्या नाहीत. त्यांच्या जागी आयरिश, मग कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील फ्रेंच भाषक कॅथलिक, त्यामागून ग्रीक, पोर्तुगीज आणि पोलिश लोक आले. प्रत्येकाने आपली वस्ती केली, आपले मंदिर बांधले, आपल्या भाषेत मुलांना प्रार्थना शिकविली. फ्रेंच भाषकांच्या वस्तीला ‘लिटल कॅनडा’ म्हणत. ओब्लेट संघाच्या धर्मगुरूंनी ह्या समाजासाठी सेंट जाँ बाप्तिस्तचे भव्य मंदिर उभारले. धर्मग्राम, शाळा, वाचनालय, फ्रेंच वृत्तपत्र असा त्यांचा संसार मेरिमॅकच्या काठी मांडला गेला.

१९२० नंतर उतरती कळा लागली. कापडधंदा स्वस्त मजुरीच्या दक्षिणेकडे सरकला. यंत्रे जुनी झाली, नफा इतरत्र गुंतविला गेला, एकामागून एक गिरणी बंद पडली. १९५० च्या दशकात बूट आणि मेरिमॅक ह्या उरल्यासुरल्या जुन्या कंपन्यांनीही दारे लावली. त्यानंतर नूतनीकरणाच्या नावाखाली १९६० च्या दशकात लिटल कॅनडाची वस्ती आणि मेरिमॅक कंपनीच्या कित्येक इमारती व वसतिगृहे जमीनदोस्त करण्यात आली. आपला भूतकाळ हे आपले ओझे आहे, अशीच त्या वेळी शहराची समजूत होती. १९७० च्या दशकात बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती.

ती-जाँ

ह्याच शहराच्या सेंट्रलव्हिल भागात १२ मार्च १९२२ रोजी एका फ्रेंच-कॅनेडियन मुद्रकाच्या घरी जाँ-लुई केरुॲकचा जन्म झाला. घरात त्याला ‘ती-जाँ’, म्हणजे धाकटा जाँ, म्हणत. घरची भाषा फ्रेंच. इंग्रजी तो शाळेत जाऊ लागल्यावर शिकला. तो ४ वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ जेरार हा ९ व्या वर्षी वारला. ह्या संतस्वभावाच्या मानलेल्या भावाचे मरण त्याच्या मनातून कधीच गेले नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ‘व्हिजन्स ऑफ जेरार’ ही त्याचीच कादंबरी. १९३६ च्या मेरिमॅकच्या महापुराने वडिलांच्या व्यवसायाला मोठा फटका दिला. तो पूर ‘डॉक्टर सॅक्स’ ह्या कादंबरीत आला. पॉटकेट स्ट्रीटवरील अनाथालयामागे लूर्दच्या धर्तीवर बांधलेली गुहा आणि क्रुसाच्या वाटेची स्थानके होती. संध्याकाळच्या अंधारात तेथून जाताना बालमनाला जाणवलेले भय आणि भक्ती हीही त्याच कादंबरीत आहेत.

फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कला गेला आणि जॅक झाला. १९५७ साली ‘ऑन द रोड’ प्रसिद्ध होताच तो भटक्या, बंडखोर तरुण पिढीचा म्होरक्या ठरला. परंतु १९५० ची ‘द टाउन अँड द सिटी’, १९५९ च्या ‘डॉक्टर सॅक्स’ आणि ‘मॅगी कॅसिडी’, १९६३ ची ‘व्हिजन्स ऑफ जेरार’ आणि १९६८ ची ‘व्हॅनिटी ऑफ दुलुओज’ ह्या पाच कादंबऱ्यांचे मोठे भांडवल लोवेलच आहे. गिरण्यांच्या भिंती, नदीचा वास, मिस्साहून परतणाऱ्या आया, मद्यालयातील बाप, हिवाळी रस्त्यावरची पहिली प्रीती. लिटल कॅनडा पाडली गेली, पण तिच्यातला आवाज ह्या पानांत राहिला.

शहराला मात्र त्याचा अभिमान वाटेनासा झाला होता. १९६७ साली तो काही काळ लोवेलला परतला तेव्हा दारूने खंगलेला, कडवट झालेला माणूस लोकांनी पाहिला. २१ ऑक्टोबर १९६९ रोजी फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे ४७ व्या वर्षी तो वारला. अंत्यविधीसाठी त्याचा देह सेंट जाँ बाप्तिस्तच्या मंदिरात आणला गेला. तरुणपणी त्याच्या लेखनाला धीर देणारे त्याच धर्मग्रामातील धर्मगुरू, फादर आर्मां मॉरिसेट, यांनीच त्याची अंत्यविधीची मिस्सा केली. एडसन दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. पुढे कित्येक वर्षे दूरदूरचे तरुण ती कबर शोधीत येत.

दुसरा प्रयोग

१९७० च्या दशकात लोवेलमधील शिक्षणतज्ज्ञ पॅट्रिक मोगन यांनी एक उलटा विचार मांडला. ज्या भूतकाळाची आपल्याला लाज वाटते, तीच आपली पुंजी आहे. सबंध शहर हीच एक शाळा समजावी, तेथील कालवे, गिरण्या आणि वस्त्या यांतून मुलांनी शिकावे. आपण गरिबाघरचे, परदेशी आईबापांचे, म्हणून कमी प्रतीचे, ही शहराच्या मनात रुतलेली भावना काढल्याखेरीज नुसत्या नव्या इमारतींनी काही होणार नाही, हे त्यांच्या विचाराचे सार. काँग्रेसमधील प्रतिनिधी, मूळचे लोवेलचेच, पॉल साँगस यांनी हा विचार वॉशिंग्टनपर्यंत नेला आणि ५ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने लोवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान अस्तित्वात आले. ‘उद्यान’ म्हणजे झाडेझुडपे नव्हेत. साडेपाच मैलांहून अधिक लांबीचे कालवे, गिरण्या, वसतिगृहे आणि जिवंत शहर यांना मिळून दिलेले ते नाव. सरकारी पैसा आला, त्याच्या आधाराने खाजगी पैसा आला, गिरण्यांच्या इमारतींतून घरे आणि कचेऱ्या झाल्या. १९८९ साली एका जुन्या वसतिगृहात गिरणीतील मुली आणि स्थलांतरित कामगार यांच्या जीवनाचे प्रदर्शन उघडले. १९९२ साली बूट गिरणीत संग्रहालय उघडले. तेथील साचेखात्यात ८८ माग मांडलेले आहेत. ते चालू झाले म्हणजे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही; आणि ‘ऑफरिंग’ व बॅग्ली या दोघींचे म्हणणे एकाच वेळी समजते.

कारण ह्या खेपेस दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. लूसी लारकमच्या आठवणींबरोबर संपाच्या आठवणी सांगितल्या जातात, सुबक कापडाबरोबर गुलामांच्या कापसाचीही गोष्ट सांगितली जाते. राष्ट्रीय उद्यान आणि विद्यापीठ यांनी मिळून चालविलेल्या केंद्रात शाळकरी मुले स्वतः विणून पाहतात आणि संपाच्या बाजूने व विरुद्ध वाद घालतात. २०१२ साली डिकन्सच्या द्विजन्मशताब्दीस त्याच्या लोवेल-भेटीवर प्रदर्शन भरले. ज्या पाहुण्याने फक्त पियानो पाहिला, त्याची भेट आता पुऱ्या संदर्भासह सांगता आली.

केरुॲकच्या बाबतीत कसोटी अधिक कठीण होती. त्याच्या नावाने स्मारक करण्याची कल्पना निघाली तेव्हा शहरातूनच विरोध झाला. मद्यपी आणि भटक्या माणसाचा आदर्श मुलांपुढे ठेवायचा काय, असा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न पोकळ नव्हता. संसारात दारूने काय होते हे गिरणी कामगारांच्या कुटुंबांना कोणी शिकवावयास नको होते. तरीही १९८८ च्या जूनमध्ये गिरण्यांच्या परिसरात, कालव्याच्या काठी स्मारक झाले. शिल्पकार बेन वॉइटेना यांनी तेथे लेखकाचा पुतळा उभा केला नाही. त्यांनी ग्रॅनाइटचे त्रिकोणी स्तंभ उभे केले आणि त्यांवर त्याच्या पुस्तकांतील उतारे कोरले. स्तंभांची मांडणी वरून पाहता क्रूस आणि हिरा यांच्या आकृतीत बसते, कारण ह्या लेखकाचे मन कॅथलिक श्रद्धा आणि बुद्धविचार या दोन्हींकडे ओढ घेत होते. पुतळा पाहून माणूस पुढे जातो. उतारा वाचावयास थांबावे लागते. माणसाच्या दुर्गुणांवर पांघरूण न घालता आणि त्यांचा गौरवही न करता शहराने त्याचा शब्द स्वीकारला.

दर ऑक्टोबरमध्ये त्याच्या स्मरणार्थ उत्सव होतो. वाचक कादंबरी हातात घेऊन त्यातील रस्त्यांवरून फिरतात. २००७ साली ‘ऑन द रोड’च्या पन्नाशीनिमित्त त्या कादंबरीचे सुमारे १२० फुटी टंकलिखित भेंडोळे बूट गिरणीतील संग्रहालयात मांडण्यात आले. ज्या इमारतीतून एके काळी कापडाचे तागे बाहेर पडत, तेथे कागदाचा तागा पाहण्यास लोकांनी गर्दी केली.

मर्यादा आणि बोध

ह्या यशाला मर्यादा आहेत. साहित्याने गिरण्या परत आणल्या नाहीत आणि आणणारही नव्हते. १९८० च्या दशकात शहराला सावरण्यात संगणक बनविणाऱ्या वँग कंपनीचा मोठा वाटा होता. १९९२ साली तिने दिवाळखोरी पत्करली आणि एका धंद्यावर विसंबण्याची जुनी चूक शहराला नव्याने कळली. पर्यटकाच्या पैशाने हजारो कुटुंबांची चूल पेटत नाही. सेंट जाँ बाप्तिस्तचे मंदिरही ह्या उलथापालथीतून सुटले नाही. फ्रेंच भाषकांची पांगापांग झाल्यावर तेथे काही वर्षे स्पॅनिश भाषकांचा धर्मग्राम नांदला आणि २००४ साली ते बंद झाले. अलीकडे त्या वास्तूत केरुॲकच्या नावे संग्रहालय आणि कलाकेंद्र करण्याची योजना मांडण्यात आली आहे. ज्या वेदीसमोर त्याचा देह ठेवला गेला, तेथे त्याची पुस्तके येतील. श्रद्धावंताला ह्यात वेदना वाटेल आणि वाटावी. परंतु पाडकामापेक्षा हे बरे, असेही त्याच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

मग साहित्याने केले काय? त्याने शहराला स्वतःविषयी बोलण्याची भाषा दिली. १९८० च्या दशकापासून लोवेलमध्ये कंबोडियातील नरसंहारातून वाचलेली कुटुंबे येऊन स्थायिक झाली. आज त्यांचा समाज अमेरिकेतील मोठ्या कंबोडियन वस्त्यांपैकी एक आहे आणि २०२२ साली त्यांच्यातील एकजण शहराचा महापौर झाला. त्यांच्या मुलांना गिरणीतील मुलींची आणि इंग्रजी उशिरा शिकलेल्या ती-जाँची गोष्ट परकी वाटत नाही. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, हा त्यांचाही अनुभव आहे. वारसा म्हणजे आधीच्यांनी लिहून संपविलेली वही नव्हे, पुढच्यांसाठी कोरी पाने ठेवलेली वही होय, हे जेथे कळते तेथेच शहर पुन्हा उभे राहते.

आपल्याकडे पाहिले तर साहित्याची कमतरता नाही. १८८४ साली, म्हणजे बॅग्लीनंतर ३९ वर्षांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आणि ‘दीनबंधु’तून त्यांची बाजू मांडली. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले. गिरणी कामगाराने वाढविलेल्या नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह १९६६ साली निघाला. जयंत पवार यांनी १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या घराचे नाटक ‘अधांतर’ लिहिले. तरीही गिरणगावात आज फिरताना मॉलच्या आवारात जपलेले धुराडे दिसते, पण त्याच्या पायथ्याशी राबलेल्या माणसाचा शब्द सहसा दिसत नाही. धुराडे जपणे सोपे आहे, कारण ते काही बोलत नाही.

लोवेलने पहिल्या खेपेस गोड शब्द निवडून घेतले आणि कीर्ती मिळविली. ती कीर्ती गिरण्यांबरोबर गेली. दुसऱ्या खेपेस त्याने कडू शब्दही दगडावर कोरले. ते स्तंभ कालव्याच्या काठी अजून उभे आहेत आणि लोक त्यांच्यासमोर थांबून वाचीत आहेत.